भूल पुरी चढली नाही तर?

भुलीच्या विषयावर प्रश्न मागवले आणि आलेल्या पत्रांत एकच धास्ती पुन्हा पुन्हा डोकावली : ऑपरेशन चालू असताना मध्येच जाग आली तर? कुणाचं ऑपरेशन व्हायचं आहे, कुणाचं होऊन गेलंय आणि त्यातलं काहीतरी आठवतंय, कुणाला आईच्या झोपेच्या गोळ्यांची काळजी. उत्तरं वेगवेगळी लागतात, म्हणून प्रश्नही वेगळे ठेवले आहेत. उत्तरं आमच्या भूलतज्ज्ञांच्या गटाने मिळून लिहिली आहेत. औषधांच्या मात्रा नेमक्या दिल्या आहेत त्या समजून घेण्यासाठी. तुमची मात्रा तुमचं वजन, वय आणि तब्येत बघून ठरेल.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं आहे. ऑपरेशनची नाही, भुलीची भीती वाटते. आपण जागे आहोत आणि कुणाला सांगताच येत नाही, असं खरंच घडतं का? घरचे म्हणतात, उगाच मनात आणू नकोस.

उत्तर : घडतं. क्वचित घडतं, पण ‘कधीच नाही’ असं सांगणारा तुमची समजूत काढतोय, माहिती देत नाहीये.

किती क्वचित, याचे दोन वेगळे आकडे तुमच्या वाचनात येतील आणि गोंधळ होईल, म्हणून आधीच सांगतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी देशभरातल्या रुग्णालयांतून अशा तक्रारी गोळा केल्या आणि २०१४ मध्ये अहवाल काढला. त्यात साधारण १९,००० भुलींमागे एक तक्रार निघाली. याउलट ऑपरेशननंतर प्रत्येक रुग्णाला मुद्दाम गाठून ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासांत हे प्रमाण हजारात एक ते दोन येतं. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आपणहून सांगायला आलेल्यांचा आहे, दुसरा विचारल्यावर सांगितलेल्यांचा. काहींना आठवणीचा त्रासच झालेला नसतो म्हणून ते बोलत नाहीत. काहींना वाटतं, कोण विश्वास ठेवणार?

त्याच अहवालातला आणखी एक आकडा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्नायू सैल करणारं औषध दिलेल्या रुग्णांत सुमारे ८,००० मागे एक तक्रार होती. ते औषध न दिलेल्यांत जवळपास १,३६,००० मागे एक. म्हणजे तुमच्या भीतीचा धागा झोपेच्या औषधापेक्षा या दुसऱ्या औषधाकडे जातो. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

जाग आली म्हणजे सबंध ऑपरेशनभर जागं राहणं, असंही नाही. नोंदलेल्या प्रसंगांपैकी बहुतेक पाच मिनिटांच्या आतले होते, आणि दोन तृतीयांशांच्या आसपास भूल चढताना किंवा उतरताना घडलेले. पोट उघडं असताना घडलेले त्या मानाने कमी. बऱ्याच जणांना आठवतं ते कुणाचं तरी बोलणं, भांड्यांचा आवाज, घशातली नळी. वेदना सगळ्यांनाच होते असं नाही. पण होते तेव्हा ती खरी असते, आणि ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून ती उडवून लावता येत नाही.

प्रश्न : जाग आली तर माणूस हात का हलवत नाही, ओरडत का नाही? आणि ज्याच्यामुळे हलता येत नाही असं औषध देतातच कशाला?

उत्तर : ‘भूल’ हा एक शब्द असला तरी त्यात तीन वेगळी कामं असतात आणि ती सहसा तीन वेगळी औषधं करतात. शुद्ध घालवणं हे एक. त्यासाठी प्रोपोफॉलसारखं इंजेक्शन, मग सेव्होफ्लुरेनसारखी वाफ. वेदना दाबणं हे दुसरं. त्यासाठी फेंटानिल किंवा मॉर्फिन. स्नायू सैल पाडणं हे तिसरं. त्यासाठी व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम किंवा थोडक्या वेळापुरतं सक्सिनिलकोलीन. हे तिसरं औषध मेंदूपर्यंत पोचतच नाही. मज्जातंतू स्नायूला जिथे टेकतो तिथला निरोप ते अडवतं, बस्स.

हा फरक किती टोकाचा आहे, हे एका माणसाने स्वतःवर करून पाहिलंय. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी क्युरारे हे असंच औषध झोपेच्या औषधाशिवाय स्वतःला टोचून घेतलं. श्वासही बंद पडला, सहकारी त्यांचा श्वास चालवत होते, आणि ते सगळं ऐकत होते, समजत होते. १९४७ साली हे छापून आलं. क्युरारेचा ऑपरेशनसाठी वापर सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. १९४२ मध्ये मॉन्ट्रिअलला हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या रुग्णाला ते दिलं. त्याआधी ईथरसारख्या नुसत्या झोपेच्या वाफांवर काम चाले. वाफ कमी पडली की रुग्ण हातपाय झाडायचा आणि डॉक्टरला लगेच कळायचं. ती खूण या औषधाने पुसून टाकली.

मग देतात कशाला? एक म्हणजे श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून जावी लागते, आणि स्वरतंतू आवळलेले असले तर ती जात नाही. जबरदस्तीने घातली तर इजा होते. दुसरं पहिल्या पत्रातल्या ऑपरेशनमध्ये आहे. पित्ताशय दुर्बिणीतून काढताना पोटात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरतात. पोटाचे स्नायू ताठ राहिले तर आत जागाच होत नाही, आणि ऐन वेळी रुग्ण खोकला तर हत्याराचं टोक शेजारच्या रक्तवाहिनीत घुसू शकतं. हे औषध न देता नुसती भूल वाढवत नेली तर स्नायू सैल पडतीलही, पण रक्तदाब इतका घसरतो की तो मार्ग जास्त घातक.

तरी प्रत्येक ऑपरेशनला ते लागत नाही. हातापायाचं छोटं काम, गाठ काढणं, काही प्रकारचे हर्निया अशा वेळी घशाच्या मागे बसणारा मऊ मास्क ठेवतात आणि रुग्ण स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतो. तिथे भूल हलकी झाली की हात हलतो, श्वास भराभर होतो, मास्क चावला जातो, आणि डॉक्टर औषध वाढवतात. तुम्ही जाणूनबुजून जागे व्हायच्या कितीतरी आधी हे होतं. म्हणून तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारायचा पहिला प्रश्न हाच : माझ्या ऑपरेशनला स्नायू सैल करणारं औषध लागणार आहे का? दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं असेल तर उत्तर बहुतेक ‘हो’ येईल.

प्रश्न : हलता येत नसेल तर मी झोपलोय हे डॉक्टरला कशावरून कळतं? नाडी आणि बीपी वाढेल तेव्हाच?

उत्तर : नाडी, बीपी, घाम, डोळ्यांतून पाणी हे सगळं बघतातच. पण त्याच्यावर विसंबून राहणारा भूलतज्ज्ञ आम्हाला नको वाटेल. ज्याला रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू आहे त्याची नाडी जागेपणीही फारशी वाढणार नाही. रक्तस्राव झालेल्याचं बीपी आधीच खाली असतं. आणि तंदुरुस्त माणसाच्या जागेपणीसुद्धा या खुणा दरवेळी दिसतातच असं नाही.

जास्त भरवशाची गोष्ट श्वासात असते. सेव्होफ्लुरेनसारखी औषधं यंत्रावरच्या व्हेपोरायझरमधून वाफ होऊन श्वासात मिसळतात. तुम्ही सोडलेल्या प्रत्येक श्वासातला थोडा वायू बारीक नळीने मोजयंत्रात ओढला जातो आणि त्यात किती टक्के औषध आहे हे पडद्यावर उमटतं. श्वास सोडण्याच्या अखेरीस जो आकडा येतो तो फुफ्फुसातला, आणि भूल स्थिरावली की मेंदूतल्या प्रमाणाच्याही जवळचा.

हा आकडा ज्या मापाशी ताडून बघतात त्याला मॅक म्हणतात. त्वचेवर चीर दिली तरी निम्मे रुग्ण हलत नाहीत, इतकं औषध म्हणजे १ मॅक. चाळिशीच्या माणसासाठी सेव्होफ्लुरेनचं हे प्रमाण साधारण २ टक्के, आयसोफ्लुरेनचं १.२ टक्क्यांच्या आसपास, डेसफ्लुरेनचं ६ टक्के. वयाबरोबर ते उतरतं, दर दहा वर्षांना सुमारे ६ टक्क्यांनी. म्हणून ऐंशीच्या आजोबांना तेवढंच औषध दिलं तर ते जास्त होतं. आता ‘निम्मेच हलत नाहीत’ हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, तर थांबा. हलणं हे पाठीच्या कण्यातून होतं, त्याला शुद्ध लागत नाही. शुद्ध त्याच्या कितीतरी आधी जाते : हाक मारल्यावर डोळे न उघडण्यासाठी एक तृतीयांश मॅकच्या आसपास पुरतं. म्हणून यंत्रावर ०.७ मॅकला घंटी लावून ठेवतात. आकडा त्याखाली गेला की आवाज होतो. ०.७ म्हणजे शुद्ध जाण्याच्या पातळीच्या दुप्पट, आणि वर वेदनाशामक वेगळं.

कपाळावर चिकटवायची पट्टी तुम्ही कुठेतरी वाचली असेल. बिस या नावाने ती ओळखली जाते. मेंदूच्या विद्युतलहरींवरून ती शून्य ते शंभर असा आकडा काढते; पूर्ण जागा माणूस शंभरच्या जवळ, भुलीत ४० ते ६०. पट्टी लावली म्हणजे बिनघोर, हा समज मात्र चुकीचा. जाग येण्याचा धोका जास्त असलेल्या सुमारे ६,००० रुग्णांवर २०११ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली : एका गटात पट्टीची घंटी, दुसऱ्यात श्वासातल्या औषधाची. पट्टी सरस ठरली नाही. ती काही सेकंद मागे चालते, केटामाइन हे भुलीचं औषध दिलं तर आकडा उगाच वर दाखवते, रक्त थांबवायला विजेचं कॉटरी यंत्र चालू केलं की गडबडते.

पण एका ठिकाणी तिचा आग्रह धरायला आमची हरकत नाही. वाफेऐवजी सगळी भूल शिरेतूनच, प्रोपोफॉलच्या पंपाने द्यायची असेल तर श्वासात मोजायला काही उरत नाही. पंप दाखवतो तो हिशेब, तुमच्या रक्तातलं खरं प्रमाण नव्हे. त्यात स्नायू सैल करणारं औषधही दिलं असेल, तर कपाळावरची पट्टी हवीच.

प्रश्न : एवढं सगळं असूनही चूक होते ती नक्की कुठे?

उत्तर : टप्प्याटप्प्याने बघू, कारण चुकीच्या जागा ठरलेल्या आहेत.

सुरुवात प्रोपोफॉलने. दुधासारखं पांढरं औषध, शिरेत जाताना चुरचुरतं, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात शुद्ध जाते. मात्रा किलोला दीड ते अडीच मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण १२० मिलिग्रॅम, १ टक्क्याच्या औषधातले १२ मिलिलिटर. या एका इंजेक्शनचा असर मात्र पाच-दहा मिनिटांत ओसरतो. आणि त्याच्या मागोमाग दिलेलं व्हेक्युरोनियम अर्धा-पाऊण तास टिकतं. या दोन घड्याळांमधली तफावत म्हणजे धोक्याची पहिली जागा. नळी सहज गेली तर मिनिटभरात वाफ सुरू होते आणि तफावत भरून निघते. नळी जाईना, तीनदा प्रयत्न झाले, सगळ्यांचं लक्ष ऑक्सिजनकडे लागलं, की झोपेचं औषध पुन्हा द्यायचं राहून जातं. त्यावर उपाय साधा आहे : नळी अवघड जाईल असा अंदाज असेल तर प्रोपोफॉलची दुसरी सिरिंज भरून हाताशी ठेवायची आणि प्रत्येक प्रयत्नागणिक थोडं थोडं देत राहायचं. रुग्णाला एका खोलीत भूल देऊन दुसऱ्या खोलीत नेण्याची पद्धत असते तिथेही हीच फट पडते. वाफेचं यंत्र सोडलं जातं आणि नव्या यंत्रावर व्हेपोरायझर चालू करायचा राहून जातो.

दुसरी जागा, सिरिंजांची अदलाबदल. झोपेच्या औषधाऐवजी स्नायूंचं औषध आधी गेलं, तर माणूस टक्क जागा असताना लुळा पडतो. भीतीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट प्रसंग नाही. म्हणून सिरिंजांवर रंगीत चिठ्ठ्या लावायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे : झोप आणणाऱ्या औषधाला पिवळी, स्नायू सैल करणाऱ्याला लाल, मॉर्फिनच्या जातीच्या औषधांना निळी. चिठ्ठीशिवाय भरलेली सिरिंज टाकून द्यायची, ‘मला माहीत आहे त्यात काय आहे’ असं म्हणायचं नाही. थायोपेंटोन या झोपेच्या औषधाची पूड आणि काही अँटिबायोटिक्स पाण्यात मिसळल्यावर सारखीच पिवळसर दिसतात, आणि ही गफलत नोंदली गेलेली आहे.

वाफेच्या बाजूने : व्हेपोरायझर रिकामा होणं, भरताना बंद करून परत चालू न करणं. श्वासातला आकडा आणि त्याची घंटी असेल तर हे लगेच पकडलं जातं. घंटी कटकट करते म्हणून बंद करून ठेवलेली असेल तर नाही.

शिरेच्या बाजूने चूक जास्त गुपचूप होते. हातातली कॅन्युला शिरेतून निसटते आणि औषध कातडीखाली साचतं. पंप आपला निमूट ढकलत राहतो. किंवा तीन तोंडांचा नळ उलट्या बाजूला वळलेला असतो. किंवा सलाईन आणि प्रोपोफॉल एकाच नळीला जोडलेले, मध्ये उलटा प्रवाह अडवणारी झडप नाही, आणि प्रोपोफॉल तुमच्याकडे जाण्याऐवजी सलाईनच्या नळीत वर चढतं. म्हणून शिरेतून भूल चालू असताना तो हात कापडाखाली गाडायचा नाही, दिसता ठेवायचा. दोन्ही हात अंगाशी बांधावेच लागले तर दर थोड्या वेळाने कापड उचलून बघायचं.

शेवटची जागा म्हणजे शेवट. टाके पडत आले, वाफ बंद केली, आणि स्नायूंचं औषध अजून उतरलेलं नाही. रुग्णाला आवाज येतात, श्वास घ्यावासा वाटतो, छाती हलत नाही. हे टाळायला मनगटाशी दोन चकत्या लावून मज्जातंतूला लागोपाठ चार हलके झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते मोजतात. चौथा झटका पहिल्याच्या निदान ९० टक्के जोराचा आला, म्हणजे औषध उतरलं. कमी असेल तर ते उतरवायला निओस्टिग्मिन, किंवा रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियम दिलेलं असल्यास सुगमाडेक्स. आणि ते लागू होईपर्यंत झोप चालू ठेवायची. काही जणांच्या रक्तात सक्सिनिलकोलीन तोडणारं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं. दहा मिनिटांचं औषध त्यांच्यात काही तास राहतं. घराण्यात कुणी ‘भुलीनंतर खूप वेळ श्वासच आला नाही’ असं झालेलं असेल, तर ती गोष्ट सांगायची असते ती यासाठी.

प्रश्न : आईचं वय ६२. पंधरा वर्षं रोज झोपेची गोळी घेते, बीपीचीही आहे. माझं स्वतःचंही हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय, आणि मी रोज दारू घेतो हे घरच्यांसमोर डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो. याने भुलीत फरक पडतो का?

उत्तर : पडतो, दोघांच्याही. बरीच वर्षं झोपेच्या गोळ्या, दारू, गांजा किंवा अफूच्या जातीची वेदनाशामकं घेणाऱ्याच्या मेंदूला अशा औषधांची सवय झालेली असते आणि नेहमीची मात्रा कमी पडू शकते. भूलतज्ज्ञाला हे माहीत असेल तर तो मात्रा वाढवेल. नसेल तर वजनावरून हिशेब करेल आणि हिशेब चुकेल. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर ‘दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे’ एवढं म्हणा, कारण विचारलं जात नाही. आणि किती घेता ते खरं सांगा. ‘कधीतरी, थोडी’ या उत्तराचा आम्हाला काही उपयोग होत नाही.

ऑपरेशनच्या धास्तीने आईंची झोपेची गोळी किंवा तुमची दारू एकदम बंद करू नका. अचानक तोडल्यावर थरथर, क्वचित झटके येतात, ते वेगळंच संकट. बीपीच्या गोळीचं सकाळी काय करायचं हे नाव सांगून विचारा. काही त्या दिवशी चालू ठेवतात, काही थांबवतात.

जाग येण्याचा धोका वाढवणाऱ्या बाकीच्या गोष्टी : आधी कधी असा अनुभव आलेला असणं, खूप जास्त वजन, नळी घालायला अवघड मान-जबडा, हृदयाचं उघडं ऑपरेशन, अपघातातला मोठा रक्तस्राव. शेवटच्यात तर भूल मुद्दाम हलकी ठेवावी लागते, कारण पुरी मात्रा दिली तर बीपी कोसळून रुग्ण हातचा जाईल. सर्वांत वर आहे पूर्ण भूल देऊन केलेलं सिझेरियन. त्या २०१४ च्या अहवालात सुमारे ६७० मागे एक तक्रार. घाई असते, आधी गुंगीचं औषध देत नाहीत, आणि भूल दिल्यावर लगेच चीर पडते, तोवर वाफेचं प्रमाण पुरतं चढलेलं नसतं. शक्य तिथे सिझेरियन पाठीतल्या इंजेक्शनवर करतात, त्यामागचं हेही एक कारण.

प्रश्न : माझी आतड्याची दुर्बिणीची तपासणी ‘भुलीत’ झाली. मला अधूनमधून सगळं ऐकू येत होतं. भूल फसली का?

उत्तर : बहुधा नाही. तुम्हाला दिली ती गुंगी, भूल नव्हे. गुंगीत हाकेला ओ देता येणं अपेक्षितच असतं, आणि मधले तुकडे आठवतातही. चूक झाली ती आधी न सांगण्याची. जाग आल्याच्या तक्रारींत अशा बऱ्याच असतात : डॉक्टरच्या मनात गुंगी, रुग्णाच्या मनात गाढ झोप. पुढच्या वेळी सरळ विचारा, ‘मी झोपलेला असेन की पेंगत?’ पाठीतल्या इंजेक्शनलाही हेच लागू. तिथे तुम्ही जागेच असता. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवेल, टोचता कामा नये. टोचलं तर बोला, तुमचं तोंड मोकळं आहे.

प्रश्न : पत्नीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ती म्हणते, ‘डोळे उघडत नव्हते, लोक माझं नाव घेत होते, घशातून काहीतरी ओढून काढलं.’ डॉक्टर म्हणाले, हे नेहमीचंच आहे. खरं काय?

उत्तर : नेहमीचं असू शकतं. नळी काढतात तेव्हा रुग्ण बराचसा जागा असावाच लागतो. नाव घेऊन ‘डोळे उघडा, मोठा श्वास घ्या’ असं सांगतात आणि मग नळी ओढतात. तुम्ही लिहिलेला क्रम अगदी त्याच क्षणाचा वाटतो. पण ‘वाटतो’ यावर थांबू नये. पाच साधे प्रश्न आहेत, १९७० पासून जगभर हेच थोड्या फरकाने वापरतात : झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? उठल्यावरचं पहिलं काय? या दोन्हींच्या मधलं काही आठवतं का? स्वप्न पडलं का? सगळ्या प्रकारात जास्तीत जास्त त्रासदायक काय वाटलं? तुम्हीच शांतपणे विचारा, उत्तरं तिच्या शब्दांत लिहून ठेवा, त्यात आपले शब्द घालू नका. हात हलवायचा प्रयत्न केला आणि हलला नाही, छातीवर ओझं होतं, असं काही निघालं, तर स्नायूंचं औषध उतरायच्या आधी तिला जाग आली असण्याची शक्यता आहे. तेव्हा भूलतज्ज्ञांची वेळ घेऊन भेटा आणि भुलीच्या नोंदीचा कागद समोर ठेवून बोला. त्यावर दर काही मिनिटांची औषधं आणि आकडे असतात; वाफ कधी बंद झाली, उतरवायचं औषध कधी दिलं, हे त्यातून दिसतं.

आठवण त्याच दिवशी येते असं नाही. काहींना आठवड्याने, काहींना आणखी उशिरा येते. म्हणून दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी विचारावं. झोप उडणं, तीच दृश्यं दिसणं, उताणं झोपायची भीती, दवाखान्याचा वास आला तरी धडधडणं असं महिनाभर टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अशा धक्क्यावर ठरावीक उपचार आहेत आणि ते लागू पडतात. तोवर तिला ‘भास झाला असेल’ म्हणू नका. ज्यांना पुढे जास्त त्रास झाला त्यांच्यात कुणी ऐकूनच घेतलं नाही, अशी माणसं बरीच होती. आणि हे खरं निघालं, तर पुढच्या प्रत्येक भुलीच्या आधी दाखवायला एक लेखी चिठ्ठी मागून घ्या.

प्रश्न : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ पाचच मिनिटं भेटतात. त्यात काय विचारावं? आणि खरंच जाग आली तर मी काय करायचं?

उत्तर : पाच मिनिटं पुरतात. ‘मला मध्येच जाग येण्याची भीती वाटते’ हे पहिलं वाक्य. मग स्नायू सैल करणारं औषध लागणार का. भूल वाफेची की शिरेतून. वाफेची असेल तर श्वासातल्या आकड्याची घंटी लावणार ना, शिरेतून असेल तर कपाळाला पट्टी आणि हात दिसता ठेवणार ना. हे विचारल्याने कुणी चिडत नाही. चिडलं तर तीही माहितीच. भीती फारच असेल तर टेबलावर जाण्याआधी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध एक-दोन मिलिग्रॅम मागता येतं. त्याने जीव शांत होतो, पुढचं आठवतही कमी. पण ते दिलं म्हणजे भूल कमी दिली तरी चालेल, असं समीकरण कुणी मांडू नये.

एक तपासणी सांगून ठेवतो, कारण तुम्ही वाचाल आणि घाबराल. १९७७ मध्ये टन्स्टॉल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने एक युक्ती काढली : स्नायूंचं औषध देण्याआधी एका दंडावर बीपीचा पट्टा फुगवायचा, म्हणजे त्या हातात औषध पोचत नाही, आणि मग भुलीत रुग्णाला सांगायचं, ‘जागे असाल तर माझा हात दाबा.’ अशा अभ्यासांत नळी घातल्यानंतर विसातला एखादा रुग्ण हात दाबतो. पण नंतर विचारलं तर जवळपास कुणालाच त्याची आठवण नसते. त्या क्षणी ते काय अनुभवत असतात यावर भूलतज्ज्ञांत अजून वाद आहे. तो वाद मिटेल तेव्हा मिटेल. आज ऑपरेशनला जाणाऱ्याने त्यावर झोप उडवून घेण्यासारखं त्यात काही नाही.

जाग आलीच तर. अंगठा, पायाची बोटं, भुवया, जे हलेल ते हलवायचा प्रयत्न करा. स्नायूंचं औषध पूर्ण चढलेलं नसेल तर तेवढी हालचाल दिसते. काहीच हलत नसेल तर हे लक्षात असू द्या : हा लुळेपणा औषधाचा आहे, तो उतरतो, आणि तुमचा श्वास यंत्र घेतंय. अशा प्रसंगातून गेलेल्या ज्यांना हे त्या वेळी उमगलं त्यांना त्रास कमी झाला. ‘मी मेलोय’ किंवा ‘मला कायमचा लकवा मारला’ असं वाटलेल्यांना जास्त. तुमच्या डॉक्टरांना शंका आली तर ते झोपेचं औषध लगेच वाढवतील आणि कानाशी येऊन मोठ्याने बोलतील : ‘तुम्ही सुखरूप आहात, हलता येत नाहीये ते औषधामुळे, आता पुन्हा झोप लागेल.’ शिकाऊ भूलतज्ज्ञांना हे वाक्य मुद्दाम शिकवतात. रुग्ण ऐकतोय की नाही याची खात्री नसतानाही ते म्हणायचं असतं.